दहा आमदारांवर उभं राहिलेलं सरकार: सिंगापूर, १९५५

२ एप्रिल १९५५ ला सिंगापूरमध्ये मतदान झालं आणि विरोधी बाकांवर बसायची तयारी करून आलेल्यांच्याच गळ्यात सरकार पडलं. लेबर फ्रंट हा आदल्याच वर्षी स्थापन झालेला पक्ष. त्याने १७ जागा लढवल्या आणि १० जिंकल्या. विधानसभा ३२ जणांची, त्यातले लोकांनी निवडलेले २५. पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण बहुमत कोणत्याही हिशेबाने नव्हतं. चार दिवसांनी, ६ एप्रिलला, त्याचे नेते डेव्हिड मार्शल या ब्रिटिश वसाहतीचे पहिले मुख्यमंत्री झाले.

ही आघाडी कशी जुळली हे सांगायला दोन ओळी पुरतात: लेबर फ्रंटचे १०, अलायन्स या युतीचे ३, मिळून १३. त्या १३ जणांच्या पाठिंब्यावर काय करता येत होतं आणि काय नाही, हे सांगायला मात्र बराच वेळ लागतो. स्वराज्याच्या वाटेवरच्या वसाहतीतल्या आघाडी सरकारात कागदावर न दिसणारा एक घटक पक्ष असतो, तो म्हणजे गव्हर्नर. मार्शल यांनी अलायन्सशी बोलणी उरकली चार दिवसांत. गव्हर्नरशी चाललेली बोलणी ते राजीनामा देईपर्यंत संपली नाहीत.

रेंडेल यांनी दिलेलं आणि राखून ठेवलेलं

सिंगापूर १९४६ पासून वेगळी क्राउन कॉलनी, म्हणजे थेट ब्रिटिश सरकारच्या ताब्यातली वसाहत होतं. १९४८ च्या पहिल्या निवडणुकीत लोकांनी निवडायच्या जागा होत्या ६, १९५१ मध्ये ९. मतदारयादीत नाव घालायचं तर स्वतः जाऊन नोंदवावं लागे, त्यामुळे मतदान हे इंग्रजी शिकलेल्या मूठभरांचं काम राहिलं. १९५३ मध्ये सर जॉर्ज रेंडेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि १९५५ ची निवडणूक त्यानुसार झाली. मतदारांची नोंद आपोआप होऊ लागली आणि यादी सुमारे ३ लाखांवर गेली. सगळी राजकीय गणितं या एका बदलाने मोडली. जुन्या यादीवर पोसलेल्या पक्षांना ते निकाल लागेपर्यंत कळलं नाही.

नव्या विधानसभेत २५ निवडून आलेले, ४ गव्हर्नरने नेमलेले आणि ३ पदसिद्ध सदस्य होते. मंत्रिपरिषद नऊ जणांची. त्यातले सहा निवडून आलेल्या नेत्याच्या शिफारशीने यायचे. उरलेले तीन पदसिद्ध: मुख्य सचिव, अर्थ सचिव आणि ॲटर्नी जनरल. पोलीस, अंतर्गत सुरक्षा, संरक्षण आणि परराष्ट्र संबंध हे विषय मुख्य सचिवांच्या बाजूला, तिजोरी अर्थ सचिवांकडे, कायदा ॲटर्नी जनरलकडे. परिषदेच्या बैठकीला अध्यक्षस्थानी गव्हर्नर.

१९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात चाललेली राखीव आणि सोपीव खात्यांची विभागणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा नकाशा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे सोपीव खात्यांच्या मंत्र्यांमधल्या पहिल्याला मुख्यमंत्री म्हणायचं ठरलं होतं. पण या मुख्यमंत्र्याला नेमकं काय ठरवता येईल, हे घटनेने स्पष्ट केलं नव्हतं. रेंडेल यांच्या डोळ्यांसमोर बहुधा समजूतदार, जुन्या वळणाचा माणूस होता, जो गव्हर्नरच्या शेजारी बसून राज्यकारभार शिकेल.

असा माणूस तयारही होता. प्रोग्रेसिव्ह पार्टीचे सी. सी. टॅन हेच पहिले मुख्यमंत्री होणार असं गव्हर्नर सर जॉन निकोल यांच्यासह सगळे धरून चालले होते. टॅन स्वतःच्याच केर्नहिल मतदारसंघात पडले, तेही मार्शल यांच्याकडून. प्रोग्रेसिव्ह पार्टीने २२ उमेदवार उभे केले आणि निवडून आले ४. चिनी व्यापाऱ्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅटिक पार्टीचे २० पैकी २. दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि वाटेत लेबर फ्रंट निवडून आला.

चार दिवसांत काय काय शक्य होतं

३ एप्रिलच्या सकाळी मार्शल यांच्यासमोरचं चित्र असं होतं. आपले १०. प्रोग्रेसिव्ह ४. अलायन्सचे, म्हणजे अम्नो (मलय लोकांचा पक्ष), मलायन चायनीज असोसिएशन आणि सिंगापूर मलय युनियन यांच्या युतीचे, ३. पीपल्स ॲक्शन पार्टीचे (पॅप) ३, त्यात तंजोंग पगारमधून ली क्वान यू आणि बुकिट तिमाहमधून २२ वर्षांचे कामगार नेते लिम चिन सिओंग. डेमोक्रॅटिक २ आणि अपक्ष ३.

विचारांनी सर्वांत जवळ पॅप. तोही समाजवादी आणि वसाहतविरोधी, पाठीराखेही कामगारच. पण पॅपने मुळात चारच उमेदवार उभे केले होते, सरकारात जायचा विचारच ठेवला नव्हता. ली यांच्या लेखी रेंडेल घटना म्हणजे दिखावा होता, आणि दिखाव्यात मंत्री होऊन बदनाम व्हायला त्यांना घाई नव्हती. विरोधी बाकावर बसून मार्शल यांचे हात बांधलेले आहेत हे रोज दाखवायचं, यात जास्त फायदा. राजकारण म्हणून पाहिलं तर त्या निवडणुकीतला हा सर्वांत हुशार निर्णय होता असं मला वाटतं.

प्रोग्रेसिव्ह पार्टीचे चार घेतले असते तर १४ झाले असते. इंग्रज अधिकाऱ्यांनाही ते आवडलं असतं. पण ज्यांना श्रीमंतांचे, साहेबांचे लाडके म्हणून प्रचारात झोडलं त्यांनाच चार दिवसांनी मंत्री केलं असतं, तर लेबर फ्रंटचे स्वतःचे दहा दहा राहिले नसते.

उरला अलायन्स. १० आणि ३ मिळून १३, म्हणजे निवडून आलेल्या २५ मध्ये बरोबर एकाने बहुमत. ३२ च्या सभागृहात ते पुरत नव्हतं. पण तीन पदसिद्ध सदस्य सरकारच्या बाजूला बसणार होते, आणि नेमणुकीच्या चार जागांपैकी दोन मार्शल यांनी आपल्या माणसांसाठी मिळवल्या. असे झाले १८. यात मुख्यमंत्री निवडून आलेल्यांच्या बळावर फक्त १३ पर्यंत पोहोचतो. पुढचे पाच गव्हर्नरच्या दाराने येतात. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच टेकूवर सभागृहातलं बहुमत उभं होतं.

अलायन्स घेण्यामागे आकड्यांपलीकडचंही कारण होतं. पलीकडे मलायात (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात) जुलैत निवडणूक व्हायची होती आणि तिथे अलायन्स जिंकणार हे दिसत होतं. ५२ पैकी ५१ जागा जिंकून तुंकू अब्दुल रहमान तिथले मुख्यमंत्री झाले. सिंगापूरचं भवितव्य मलायाशी विलीन होण्यात आहे असं तेव्हा बहुतेक सगळेच मानत. सिंगापूरच्या मंत्रिमंडळात अम्नोचा माणूस असणं ही क्वालालंपूरकडची एक उघडी खिडकी होती. शिवाय चिनी बहुसंख्य असलेल्या बेटावर मलय मंत्री नसलेलं पहिलं सरकार कुणालाच परवडणारं नव्हतं.

सहा खाती

मार्शल यांनी मुख्यमंत्रिपदासोबत वाणिज्य आणि उद्योग खातं ठेवलं. कामगार चळवळीतून आलेले लिम यू हॉक कामगार आणि समाजकल्याण मंत्री झाले, च्यू स्वी की शिक्षणमंत्री, ए. जे. ब्रागा आरोग्यमंत्री. दळणवळण आणि बांधकाम खातं फ्रान्सिस थॉमस यांच्याकडे गेलं. हे इंग्रज शिक्षक पक्षाच्या संस्थापकांपैकी, पण निवडून आलेले नव्हे, नेमणुकीच्या जागेवरून आलेले. अलायन्सच्या वाट्याला एकच खातं: स्थानिक स्वराज्य, जमीन आणि गृहनिर्माण, अम्नोचे अब्दुल हमीद जुमात यांच्याकडे.

तीन जागांच्या मित्राला सहातलं एक मंत्रिपद. प्रमाणात पाहिलं तर रास्तच, पण त्या तिघांवाचून सरकार पडतं हे लक्षात घेतलं तर स्वस्त सौदा. खाती पाहिली तर एक गोष्ट लगेच खटकते. पोलीस, पैसा आणि कायदा सोडून बाकीचं सगळं वाटलं गेलं होतं. शिक्षण आणि कामगार या खात्यांवर पुढच्या काही आठवड्यांत आग पडणार होती. ती विझवायची साधनं मुख्य सचिव विल्यम गूड यांच्याकडे होती.

आणि मुख्यमंत्र्याला बसायला जागा नव्हती. सिंगापूरमध्ये हा किस्सा अजून सांगतात. निकोल यांनी मुख्यमंत्री म्हणून वेगळी कचेरी दिली नाही, कारण त्यांच्या कल्पनेप्रमाणे मार्शल हे वाणिज्य मंत्री होते आणि बाकीचा मान नावापुरता. मार्शल निवडणुकीत एम्प्रेस प्लेससमोरच्या झाडाखाली दुपारच्या सुटीत भाषणं करायचे. कचेरी मिळाली नाही तर त्याच झाडाखाली टेबल टाकून बसेन अशी त्यांनी धमकी दिली. मग जिन्याखालची एक छोटी खोली निघाली. बुश जॅकेट, तोंडात पाइप, जिन्याखाली मुख्यमंत्री: वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं?

मार्शल हे त्या काळातले नावाजलेले फौजदारी वकील. बगदादी ज्यू घराण्यात सिंगापुरातच जन्मलेले, युद्धात जपान्यांचे कैदी म्हणून होक्काइदोत राबलेले. कोर्टात ज्युरीला हलवायची सवय त्यांना होती आणि राजकारणातही त्यांनी तेच हत्यार वापरलं. प्रश्न लोकांसमोर न्यायचा, आवाज चढवायचा आणि समोरच्याला निर्णय घ्यायला भाग पाडायचं. कचेरीच्या प्रकरणात ते चाललं. मोठ्या प्रकरणांत ते चालेलच असं नव्हतं.

१२ मे

सरकार पाच आठवड्यांचं झालं तेव्हा हॉक ली बस कंपनीचा संप पेटला. कामगारांची संघटना डाव्यांच्या हातात, तिचे नेते फोंग स्वी सुआन. चिनी माध्यमाच्या शाळांतली मुलं कामगारांना जेवण आणि सोबत द्यायला येत होती. १२ मेच्या रात्री दंगल झाली. चार जण मेले, त्यात एक शाळकरी मुलगा, दोन पोलीस आणि एक अमेरिकन पत्रकार.

आघाडीच्या अभ्यासासाठी ही रात्र महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने. कामगार मंत्री लेबर फ्रंटचा, शिक्षण मंत्री लेबर फ्रंटचा, आणि रस्त्यावर उतरलेले पोलीस गूड यांच्या अधिकारातले. लोकांच्या नजरेत सरकार एकच होतं. पोलिसांनी काय केलं याचं उत्तर मार्शल यांनी द्यायचं, पण पोलिसांना हुकूम द्यायचा नाही. ब्रिटिशांच्या बाजूने हे सरकार नेभळट ठरलं, डाव्यांच्या बाजूने साहेबांचं हस्तक. दोन्ही आरोप एकाच दिवशी, एकाच घटनेवरून.

लष्कर बोलवायला मार्शल तयार नव्हते. नंतर चिनी शाळांचा प्रश्न त्यांनी सर्वपक्षीय समितीकडे सोपवला आणि समितीत ली क्वान यू यांनाही घेतलं. ही चाल मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत शहाणी वाटते. आघाडीत न आलेल्या पॅपला निदान एका प्रश्नापुरतं जबाबदारीत ओढलं गेलं. समितीने १९५६ च्या सुरुवातीला चारही भाषांच्या शाळांना समान वागणूक द्यायची शिफारस केली, आणि सिंगापूरच्या पुढच्या शिक्षण धोरणाचा पाया तोच राहिला. विनाचौकशी स्थानबद्ध करू देणारे आणीबाणीचे नियम उठवू हे प्रचारातलं वचन मात्र तसं पाळता आलं नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्याच सरकारने सार्वजनिक सुरक्षेचा वटहुकूमवजा कायदा सभागृहात मांडून मंजूर करून घेतला, ज्यात विनाचौकशी स्थानबद्धता होतीच.

चार की दोन

जूनअखेर निकोल गेले आणि सर रॉबर्ट ब्लॅक गव्हर्नर म्हणून आले. मार्शल यांनी चार सहायक मंत्री नेमायची मागणी केली. ब्लॅक म्हणाले, दोन. वरवर पाहता यासाठी सरकार पणाला लावायचं काही कारण नव्हतं. मार्शल यांनी राजीनाम्याची धमकी दिली.

इथे पुन्हा आकड्यांकडे यावं लागतं. सरकारी बाजूच्या १३ निवडून आलेल्यांपैकी मंत्री झालेले पाच, कारण सहावे थॉमस नेमणुकीचे. आठ जण नुसते हात वर करायला. चार सहायक मंत्री मिळाले असते तर १३ पैकी ९ जणांकडे काही ना काही पद आलं असतं. एका जागेच्या बहुमतावर चालणाऱ्या आघाडीत हे पद वाटणं म्हणजे सिमेंट. इंग्रज अधिकाऱ्यांना हे दिसत नसेल असं मानायचं कारण नाही. त्यांनी दोनवर अडवलं तेव्हा खर्चाचा प्रश्न जितका होता तितकाच आघाडीची वीण कोण घट्ट करणार हाही होता.

मार्शल यांनी भांडण वेगळ्या पातळीवर नेलं. किती सहायक मंत्री हवेत हे मुख्यमंत्री ठरवणार की गव्हर्नर, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे उभा केला आणि जुलैत सभागृहाकडून तातडीच्या स्वराज्याचा ठराव करून घेतला. पदवाटपाचं गाऱ्हाणं घटनेचा प्रश्न झालं. ब्रिटनचे वसाहत मंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड सिंगापूरला आले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये घटनेवर बोलणी करायचं मान्य झालं. घटना लागू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि तिच्या जागी दुसरी आणायची वाटाघाट ठरली.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसने उलटा क्रम धरला होता. गव्हर्नरांनी आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरू नयेत याची हमी आधी मागितली. तोवर साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ चाललं आणि जुलैत बाळासाहेब खेरांनी सूत्रं घेतली. मार्शल यांना तसं थांबणं शक्य नव्हतं. काँग्रेसकडे प्रांतात मोठा, शिस्तीतला पक्ष होता; वाट पाहिली तरी तो विरघळणार नव्हता. लेबर फ्रंट सत्तेबाहेर तीन महिने टिकला असता की नाही याची मला शंका आहे. त्यामुळे त्यांनी आधी खुर्ची घेतली आणि मग खुर्चीवर बसून भांडण केलं. एकदा बसल्यावर मात्र हाती हत्यार एकच उरतं, उठून जायची धमकी. ते हत्यार वापरल्याने झिजतं.

लंडन

मार्च १९५६ मध्ये 'मर्डेका सप्ताह' (मर्डेका म्हणजे मलयमध्ये स्वातंत्र्य) झाला, स्वातंत्र्याच्या मागणीवर १ लाख ६७ हजारांवर सह्या जमल्या. एप्रिलमध्ये १३ जणांचं सर्वपक्षीय शिष्टमंडळ लंडनला गेलं. त्यात मार्शल, लिम यू हॉक, ली क्वान यू, लिम चिन सिओंग असे सगळे. घरी ज्यांच्याशी आघाडी नव्हती त्यांना परदेशात एका टेबलावर बसवलं, पण तेवढ्याने मत एक होत नाही. ब्रिटन बरंच द्यायला तयार होतं. अंतर्गत सुरक्षेवर मात्र अखेरचं मत आपल्याच हातात हवं होतं: संरक्षण परिषदेत बरोबरी झाली तर निर्णायक मत ब्रिटिश हाय कमिशनरचं. मार्शल यांनी ते नाकारलं आणि १५ मेला बोलणी मोडली.

मागणी मान्य झाली नाही तर राजीनामा देईन असं ते आधीच बोलून बसले होते. ७ जूनला त्यांनी शब्द पाळला.

कोसळलं ते मुख्यमंत्रिपद. आघाडी कोसळली नाही. दुसऱ्याच दिवशी लिम यू हॉक मुख्यमंत्री झाले, तेच १३, तोच मित्रपक्ष, हमीद जुमातही मंत्रिमंडळातच. बदलली ती गव्हर्नरशी वागायची रीत. त्या शरद ऋतूत लिम यांनी डाव्या संघटनांवर बंदी आणली, ऑक्टोबरच्या दंगलीत १३ जण मेले, लिम चिन सिओंग यांना अटक झाली. लंडनला हवा असलेला माणूस सापडला होता. १९५७ च्या बोलण्यांत तडजोड निघाली: अंतर्गत सुरक्षा परिषदेत तीन ब्रिटनचे, तीन सिंगापूरचे आणि एक मलायाचा. निर्णायक मत ब्रिटिशांच्या हातातून गेलं आणि क्वालालंपूरच्या हातात गेलं. १९५५ मध्ये तीन जागांसाठी उघडी ठेवलेली खिडकी अशी कामाला आली, पण ती सिंगापूरच्या बाजूने कमी आणि लंडनच्या सोयीने जास्त. सुरक्षेच्या नावाखाली कठोर व्हायचं असेल तेव्हा तुंकू ब्रिटिशांहून मागे राहणार नाहीत हे तिथे ओळखलं होतं.

मार्शल यांनी नाकारलेलं आणि लिम यांनी स्वीकारलेलं यांत अंतर फार नाही, एका मताचं आहे. मार्शल हट्टी होते का? मला वाटतं, पोलिसांवर अधिकार नसताना पोलिसांच्या वागणुकीचं उत्तर देत एक वर्ष काढलेल्या माणसाला त्या एका मताची किंमत नीट ठाऊक होती.

लिम यांना त्या सौद्याचं राजकीय फळ मिळालं नाही. मार्च १९५९ मध्ये शिक्षणमंत्री च्यू स्वी की यांना लाखो डॉलरच्या परदेशी देणगीच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. ते प्रकरण पॅपने निवडणुकीच्या तोंडावर बाहेर काढलं होतं. ३० मेच्या मतदानात ५१ पैकी ४३ जागा पॅपने घेतल्या. लिम यांच्या नव्या पक्षाला ४ मिळाल्या, मार्शल स्वतः पडले. पूर्ण अंतर्गत स्वराज्य आलं ते ली क्वान यू यांच्या सरकारकडे, आणि त्यांना कुणाला मित्रपक्ष म्हणून घ्यायची गरज उरली नव्हती.